राणी रासमणी : देवीला घास भरवण्यासाठी




नवरात्र पंधरा दिवसांवर आलं. दरवर्षी या दिवसांत आपण एखाद्या देवीस्थानाची माहिती ग्रुपवर देतो. तुळजापूर, कोल्हापूर, माहूर, वणी झालं. गोव्याची शांतादुर्गा झाली, आपल्या इकडच्या देवासच्या टेकडीवरच्या दोघी मातांवरही लिहून झालं. यंदा जरा लांब जाऊ या, कलकत्त्याजवळ गंगेकाठी दक्षिणेश्वरला. मागच्या पौषात आम्ही बाराजणी तिथे जाऊन आलो, तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

खरं सांगायचं तर जाताना आमच्या डोक्यात फक्त श्रीरामकृष्ण परमहंस होते. हे देऊळ बांधणारी बाई कोण, याची फारशी चौकशी आम्ही केलेली नव्हती. आता मेट्रोतून उतरलं की देवळापर्यंत वरून जाणारा जो लांब पादचारी पूल आहे, त्याला तिचंच नाव आहे. राणी रासमणी. पुलावरून चालताना आमच्यातल्या एका काकूंनी विचारलं, की ही कुठल्या संस्थानची राणी? आम्हाला कोणालाच सांगता आलं नाही. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, की ती कुठल्याच संस्थानची राणी नव्हती. आईने लाडाने ठेवलेलं ते नाव होतं.

रासमणींचा जन्म 28 सप्टेंबर 1793 चा, हालीशहरजवळच्या कोना नावाच्या खेड्यातला. वडील हरेकृष्ण दास, आई रामप्रिया. हातावर पोट असलेलं कैवर्त जातीचं घर, म्हणजे शेती नाहीतर मासेमारी करणाऱ्यांचा समाज. पण वडिलांना अक्षरओळख होती, घरात वैष्णव भक्ती होती, आणि मुलीलाही त्यांनी लिहायला-वाचायला शिकवलं. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हे. सात वर्षांची असताना आई गेली. नाव तेवढं मागे राहिलं, राणी.

अकराव्या वर्षी, 1804 मध्ये, तिचं लग्न कलकत्त्याच्या जानबाजारातले श्रीमंत जमीनदार राजचंद्र दास यांच्याशी झालं. त्यांच्या आधीच्या दोन बायका वारल्या होत्या, ही तिसरी. नावेतून जाताना गंगेच्या घाटावर त्यांनी हिला पाहिलं आणि मागणी घातली, असं तिकडे सांगतात. खेड्यातल्या मातीच्या घरातून ती एकदम हवेलीत आली. पण राजचंद्रबाबूंनी तिला नुसतं दागिन्यांनी मढवून बसवलं नाही, व्यवहारात तिचं मत घेतलं. त्यांच्या नावाचा घाट, बाबूघाट, आजही कलकत्त्यात आहे. चार मुली झाल्या : पद्ममणी, कुमारी, करुणामयी आणि जगदंबा. जावई मथुरामोहन विश्वास आधी करुणामयीचे यजमान होते, ती गेल्यावर जगदंबेशी त्यांचं लग्न लावलं. हेच ते मथुरबाबू, पुढे त्यांचं काम येईल.

1836 साली राजचंद्र वारले. रासमणी तेव्हा बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांच्या. एवढी मोठी जमीनदारी, मुलगा नाही, आणि कलकत्त्यात कंपनी सरकार. लोकांना वाटलं, आता हे सगळं कारकून आणि भाऊबंद खाऊन टाकतील. तसं झालं नाही. मथुरबाबूंना हाताशी घेऊन बाईंनी हिशेब स्वतः बघायला सुरुवात केली.

आपल्या इंदूरकरांना इथे अहिल्यामातोश्रींची आठवण येणारच. रासमणी दोन वर्षांच्या नव्हत्या तेव्हा, 13 ऑगस्ट 1795 ला, मातोश्री महेश्वरी निवर्तल्या. एकीचं दुसरीला नावही ठाऊक असेल-नसेल. पण मातोश्री हुकमांवर श्रीशंकराच्या नावाने सही करीत, आणि रासमणींच्या कचेरीतल्या मोहोरेवर त्यांनी स्वतःला कालीच्या पायांची इच्छा धरणारी दासी म्हणवून घेतलं होतं. हे वाचलं तेव्हा आम्ही थोडा वेळ थांबलोच.

त्यांच्या हिमतीच्या दोन गोष्टी बंगालात घरोघरी सांगतात. कंपनीने गंगेत मासे धरण्यावर कर बसवला. गरीब कोळी हवालदिल होऊन बाईंकडे आले. बाईंनी दहा हजार रुपये भरून नदीचा घुसुडीपासून मेटियाब्रुजपर्यंतचा पट्टा रीतसर कंपनीकडूनच मक्त्याने घेतला, आणि मग पात्रात या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडी साखळ्या टाकल्या. जहाजं अडली, व्यापार ठप्प. साहेबांनी जाब विचारल्यावर त्यांनी कळवलं, की मक्ता माझा आहे, तुमच्या जहाजांनी मासे पळतात आणि माझ्या कुळांचं नुकसान होतं. शेवटी कर गेला आणि साखळ्याही निघाल्या.

दुसरी गोष्ट नवरात्रातलीच. बंगालात सप्तमीच्या पहाटे नवपत्रिका नदीवर न्हाऊ घालायला नेतात. केळीच्या रोपाला इतर आठ झाडांच्या फांद्या बांधून त्याला लाल काठाची साडी नेसवतात, डोक्यावरून पदर घेतलेली सून वाटते अगदी! आपण घटाशेजारी धान्य पेरतो त्याच्याच नात्यातला हा प्रकार असावा, असं आम्हाला वाटलं. तर जानबाजारच्या वाड्यातून ही मिरवणूक ढाक वाजवत पहाटे निघायची. एका साहेबाची झोपमोड झाली, त्याने तक्रार केली आणि बाईंना पन्नास रुपये दंड झाला. दंड भरला. आणि जानबाजारपासून बाबूघाटापर्यंतचा रस्ता आपल्याच मालकीचा, म्हणून त्याला दोन्हीकडून कुंपण घालून रहदारी बंद केली. सरकारला दंड परत करावा लागला. जानबाजारच्या त्या वाड्यात दुर्गापूजा अजून होते.

पण या गोष्टी एका बाजूला. ज्या गोष्टीसाठी आम्ही हे लिहायला बसलो ती वेगळी आहे.

1847 साली बाईंनी काशीयात्रेचा बेत केला. तेव्हा आगगाडी नव्हती, नावांनीच जायचं. चोवीस नावा भरल्या. धान्य, कपडे, नोकरचाकर, नातेवाईक. निघायच्या आदल्या रात्री त्यांना स्वप्नात देवीचं दर्शन झालं. काशीला यायची गरज नाही, इथेच गंगेकाठी चांगली जागा बघून माझी मूर्ती बसव, तिथेच मी पूजा घेईन, असा तो आदेश होता. बाईंनी यात्रा रद्द केली. नावांतलं सामान गोरगरिबांत आणि ब्राह्मणांत वाटून टाकलं आणि जागा शोधायला लागल्या.

गंगेचा पश्चिम काठ पवित्र मानतात, म्हणून आधी तिकडे पाहिलं. पण तिकडच्या जमीनदारांनी दुसऱ्याने बांधलेल्या घाटावरून आपण गंगेत उतरणार नाही म्हणून जमीन द्यायला साफ नकार दिला. शेवटी पूर्वेच्या काठावर दक्षिणेश्वर गावात जागा मिळाली. अर्धी एका इंग्रज साहेबाची, आणि अर्ध्या भागात मुसलमानांचं जुनं कबरस्तान आणि गाझीपीराचं ठाणं. जमिनीला कासवाच्या पाठीसारखा उंचवटा होता, आणि शक्तीच्या उपासनेला अशी जागा शास्त्राने उत्तम सांगितली आहे. म्हणजे काशीच्या नावा थांबल्या, मानाचा काठ मिळाला नाही, आणि देवी बसली ती साहेबाच्या नि पीराच्या जमिनीवर. आमच्या मते ही जागा देवीने स्वतःच निवडली.

बांधकाम आठ वर्षं चाललं. मधोमध नऊ शिखरांचं कालीचं देऊळ, शंभर फुटांहून उंच. नदीच्या बाजूला एका रांगेत शंकराची बारा देवळं, मधून घाटावर उतरायची वाट. पलीकडे राधाकांताचं देऊळ. म्हणजे शाक्त, शैव, वैष्णव तिन्ही एकाच अंगणात. सगळा खर्च नऊ लाखांच्या घरात गेला, त्या काळचे नऊ लाख. मूर्ती दाईंहाटच्या नवीन भास्कर नावाच्या मूर्तिकाराने काळ्या दगडात घडवली.

(दाईंहाट हे नाव आम्ही नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासात वाचलं होतं. त्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर 1742 साली बंगालवर चालून गेले आणि त्यांनी तिथेच दुर्गापूजा मांडली होती. नवाबाच्या फौजेने अचानक हल्ला केला आणि पूजा अर्ध्यात सोडून पळावं लागलं. त्या स्वाऱ्यांत मराठ्यांनी बंगालला इतकं लुटलं, की तिथल्या आया अजून बाळांना झोपवताना बर्गी आले म्हणून गातात. बर्गी म्हणजे आपणच, बारगीर. तिथल्या एका आजींनी हसत हसत आम्हाला हे सांगितलं, तेव्हा कुठे बघावं ते कळेना.)

मूर्ती घडत होती तेवढा काळ बाई त्रिकाळ स्नान करायच्या, हविष्यान्न खायच्या, जमिनीवर झोपायच्या. मूर्ती तयार झाल्यावर मुहूर्त लांबला, तर पेटीत ठेवलेल्या मूर्तीला घाम फुटला, असं भक्त सांगतात. देवी घाई करत होती. आणि अडलं होतं ते नैवेद्यावर.

बाईंची इच्छा साधी होती. देवीला रोज शिजवलेल्या अन्नाचा नैवेद्य दाखवायचा, भात, भाज्या, खीर, बंगाली घरात रांधतात ते मासेसुद्धा. नुसती फळं आणि साखर नको. घरच्या माणसाला वाढतो तसं आईला ताट वाढायचं. त्यावर त्यांनी ठिकठिकाणच्या पंडितांना पत्रं लिहून मत मागवलं. एकजात सगळ्यांनी नाही म्हटलं. कैवर्त जातीच्या बाईच्या देवळात अन्ननैवेद्य होऊ शकत नाही, आणि तिने स्थापलेल्या देवीला ब्राह्मण नमस्कारही करणार नाहीत.

आपण बायकांनी यावर जरा विचार करावा. नऊ लाखांचं घर बांधलं, चांदीचं कमळ केलं, बनारसी साडी आणली, आणि आता घरात आलेल्या आईला दोन घास वाढायची परवानगी नाही. आपल्या घरी कुणी जेवायच्या वेळी आलं आणि नुसतं पाण्यावर परत गेलं तर रात्रभर चुटपुट लागते. या बाईने किती रात्री काढल्या असतील?

उपाय निघाला तो कलकत्त्यात झामापुकुरला पाठशाळा चालवणाऱ्या एका गरीब ब्राह्मणाकडून. रामकुमार चट्टोपाध्याय. त्यांनी लिहून पाठवलं, की प्रतिष्ठेच्या आधी ही सगळी वास्तू एखाद्या ब्राह्मणाला दान करावी, आणि त्याने देवीची स्थापना करून नैवेद्याची व्यवस्था करावी, म्हणजे शास्त्राला बाध येत नाही. बाईंनी ताबडतोब ते मानलं. जन्मभराची कमाई घातलेलं देऊळ त्यांनी आपल्या कुलगुरूंच्या नावे केलं आणि स्वतः त्यांच्या वतीने कारभार पाहणारी म्हणून राहिल्या.

इथे एक बारकावा आहे. नाव गुरूंचं लावलं, पण पूजेला गुरूंच्या घरची माणसं नेमली नाहीत. त्यांना पूजाविधीचं ज्ञान पुरेसं नव्हतं. गुरूंचा मान गुरूंना, आणि देवीच्या सेवेला जाणकार माणूस. दोन्ही गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या, आणि कोणाचा अवमान होऊ दिला नाही. ज्यांनी कधी उत्सवाचं काम अंगावर घेतलं आहे त्यांना यात काय कसरत असते ते माहीत आहे!

तरी पुजारी मिळेना. शेवटी रामकुमारच आले. 31 मे 1855, ज्येष्ठ पौर्णिमा, जगन्नाथाच्या स्नानयात्रेचा दिवस. म्हणजे आपली वटपौर्णिमा. त्या दिवशी देवीची प्रतिष्ठा झाली. तिला भवतारिणी म्हणतात. दूरदूरहून पंडित आले होते, दिवसभर अन्नदान चाललं होतं. आणि त्या गर्दीत रामकुमारांचा एकोणीस वर्षांचा धाकटा भाऊ गदाधर मात्र उपाशी फिरत होता. खेड्यातल्या कर्मठ घरातला मुलगा, कैवर्त बाईच्या देवळातलं अन्न त्याला चालेना. संध्याकाळी बाजारातून पैशाचे मुरमुरे घेऊन खाल्ले आणि झामापुकुरला चालत परत गेला. नंतर भावाजवळ राहायला आला तरी कितीतरी दिवस गंगेकाठी स्वतःचं वेगळं शिजवून खायचा.

हाच गदाधर म्हणजे पुढचे श्रीरामकृष्ण परमहंस. आम्हाला हे माहीत नव्हतं आणि वाचून धक्का बसला. पण मग बरंही वाटलं. एवढ्या मोठ्या पुरुषालाही तो एक घास घशाखाली जायला वेळ लागला.

त्याच वर्षी गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी राधाकांताच्या पुजाऱ्याचा पाय घसरला आणि श्रीकृष्णाच्या मूर्तीचा पाय मोडला. पंडित म्हणाले, भग्न मूर्ती, गंगेत सोडा, नवी आणा. बाईंचा जीव होईना. मथुरबाबूंच्या सांगण्यावरून गदाधरला विचारलं. तो म्हणाला, राणींच्या जावयाचा पाय मोडला तर त्याला टाकून दुसरा आणतील, की औषधपाणी करतील? त्याने स्वतःच पाय बेमालूम जोडून दिला आणि पूजा चालू राहिली. हळूहळू तो पूजेत आला, आणि 1856 मध्ये रामकुमार गेल्यावर कालीची पूजा त्याच्याकडेच आली.

मग जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पूजेचे नियम सुटले. एकदा देवीच्या नैवेद्याचं ताट त्याने मांजरीपुढे ठेवलं, कारण त्याला तिच्यातही आईच दिसली. खजिनदाराने मथुरबाबूंकडे तक्रार पाठवली. उत्तर आलं, की त्यांना करू द्या, अडवू नका. ज्या नैवेद्यासाठी बाईंनी गावोगावच्या पंडितांचे नकार पचवले, तोच असा मांजरीला गेला, आणि मालकिणीकडून चकार शब्द नाही.

एकदा गंगास्नान करून बाई देवीसमोर बसल्या होत्या आणि तो भजन म्हणत होता. बाईंचं मन मात्र चालू असलेल्या एका खटल्यात गेलं. गाणं थांबवून त्याने त्यांना थप्पड मारली. इथेही तोच विचार, असं विचारून! नोकर धावून आले. एवढ्या मोठ्या जमीनदारीणबाई आणि पगारी पुजारी. बाईंनी सगळ्यांना थांबवलं. मन कुठे होतं ते त्यांचं त्यांनाच माहीत होतं.

आम्ही दर्शनाला उभ्या होतो तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं. मोबाईल बाहेर जमा केले, हातात जास्वंदीच्या माळेची आणि पेढ्यांची टोपली. रांग भराभर पुढे सरकते. मूर्ती फार मोठी नाही, पांढऱ्या संगमरवरी शिवावर उभी, खाली चांदीचं कमळ. काळा चेहरा आणि डोळे इतके जिवंत की हात जोडायचे राहूनच गेले. मग नौबतखान्याच्या खालची सारदामातांची खोली बघितली. एवढ्याशा जागेत स्वयंपाक, झोपणं, पूजा, सगळं. आमच्यातली एक ताई म्हणाली, आपल्या फ्लॅटच्या देवघराबद्दल पुन्हा तक्रार करणार नाही.

बाईंच्या शेवटाबद्दल लिहायला जड जातं. देवीच्या पूजाअर्चेचा खर्च कायम चालावा म्हणून त्यांनी 1855 मध्येच दिनाजपूरकडे दोन लाख सव्वीस हजारांची जमीन घेतली होती, पण ती देवस्थानच्या नावे करायचा कागद राहून गेला होता. 1861 च्या सुरुवातीला त्या आजारी पडल्या. चौघींपैकी दोघी मुली तेव्हा हयात होत्या, थोरली पद्ममणी आणि धाकटी जगदंबा. या जमिनीवर आमचा हक्क नाही, असं दोघींनी लिहून द्यावं, म्हणजे मागे भांडण नको, एवढीच त्यांची इच्छा. जगदंबेने सही केली. पद्ममणीने केली नाही.

18 फेब्रुवारीला बाईंनी स्वतःचा दानपत्राचा कागद पुरा केला. दुसऱ्या दिवशी, 19 फेब्रुवारी 1861 ला, कालीघाटच्या घरी, आदिगंगेच्या काठी त्यांनी देह ठेवला. शेवटच्या क्षणी त्यांना देवीचं दर्शन झालं, पण पद्माने सही केली नाही, आता काय होईल, हा घोर त्याही वेळी तोंडात होता, असं सांगतात. कंपनी सरकारला साखळ्या घालून थांबवणारी बाई, आणि पोटच्या मुलीपुढे हात टेकले. घोर खराच ठरला. 1872 साली बहिणीबहिणींचा दावा हायकोर्टात गेला. आम्हाला पद्ममणीलाही नावं ठेववत नाहीत. तिचीही काही बाजू असेल, ती कोणी लिहून ठेवली नाही. देवीची पूजा मात्र बंद पडली नाही, दुपारचा अन्ननैवेद्य आजही होतो.

आता एक आमचं. मागच्या नवरात्रात नऊ दिवसांच्या नैवेद्याची यादी आम्हीच केली होती. त्यात आपल्या एका वहिनींचं नाव नव्हतं. त्यांचे यजमान त्या श्रावणात गेले होते. दहा-बारा वर्षं अष्टमीची पुरणपोळी त्यांच्याच हातची असायची. कोणी नाही म्हटलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. सोवळ्याचं आहे, कशाला उगाच, असं मनात धरून नाव गाळलं एवढंच. त्या नऊही दिवस येऊन मागे बसल्या, आणि प्रसाद वाढताना पाण्याचं तांब्याभांडं फिरवत राहिल्या. दक्षिणेश्वरच्या बाराजणींत त्याही होत्या. देवळाच्या आवारात राणी रासमणींचं एक लहानसं देऊळ आहे, बसलेली साधी मूर्ती. आम्ही सगळ्या बाहेरून नमस्कार करून घाटाकडे निघालो, या तिथेच बऱ्याच वेळ उभ्या होत्या. परत येऊन हे सगळं वाचल्यावर आम्ही दोघी-तिघी त्यांच्या घरी गेलो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. चहा झाला, आणि निघताना त्यांनी विचारलं, यंदा डाळ किती भिजवायची.

यंदाची नैवेद्याची यादी नव्याने केली आहे, उद्या दुपारपर्यंत ग्रुपवर येईल. अष्टमीची पुरणपोळी वहिनींकडेच आहे. आणखी कोणाचं नाव आमच्याकडून राहिलं असेल तर हक्काने कळवा.